‘मद्रासी’ लोक खडूस असतात का? नांदेडच्या एका मेसेजला माझं लांबलचक उत्तर

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये रेंज नसेल, तर वाचा. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)



मागच्या आठवड्यात नांदेडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. कॅम्पसमधून सिलेक्ट झालाय, पोस्टिंग चेन्नई. मेसेज जसाच्या तसा वाचतो: “दादा, तिथले लोक हिंदी बोलत नाहीत, लय खडूस असतात म्हणे, बाहेरच्यांना जवळ करत नाहीत. जॉइन करू का दुसरं बघू?”

मी लगेच टाइप करायला लागलो, ‘अरे असं काही नसतं रे.’ मग थांबलो. कारण २०२२ च्या जूनमध्ये मी स्वतः चेन्नईला निघालो होतो तेव्हा माझ्या डोक्यात शब्दाला शब्द हेच होतं. आणि त्या समजुतीपायी मी एका बाईशी जे वागलो ते अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. आज सांगतो.

आधी माझं. मी परभणीचा. हो, ‘जगात जर्मनी’वाली परभणी. बीटेक पुण्यात केलं. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये कुणाला तरी म्हणालो, “थांब, मी जेवायलो.” सगळं टेबल हसलं. पुढे चार वर्षं माझं नाव ‘जेवायलो’. दुसऱ्या वर्षी, २०१६ ला, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूरला. पण होस्टेलमध्ये मला रोज प्रश्न, “काय रे, आली का तुमची ट्रेन?” मी सांगायचो की लातूर वेगळं, परभणी वेगळी, आमच्याकडे गोदावरी आहे, पूर्णा आहे. तर म्हणायचे, “एकच रे, मराठवाडा.”

म्हणजे बघा, सगळ्यांना एकाच पोत्यात भरणं काय असतं हे मला चांगलं माहीत होतं. चार वर्षं मी त्याच पोत्यात होतो. आणि पुण्यातून विमानात बसताना मी काय केलं? तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी सगळे उचलले आणि एका पोत्यात टाकले. पोत्यावर नाव लिहिलं, ‘मद्रासी’.

हा शब्द आपल्याकडे आला कुठून, ते नंतर वाचलं. इंग्रजांचा मद्रास इलाखा प्रचंड मोठा होता. आजचा तामिळनाडू तर त्यात होताच, शिवाय आंध्रचा किनारा, केरळातला मलबार आणि कर्नाटकातला उडुपी-मंगळूरचा पट्टाही. म्हणजे माटुंग्यात जुनं उडुपी हॉटेल काढणारा माणूस कागदोपत्री खरंच मद्रास इलाख्याचा होता. तेव्हा तो पत्ता होता. १९५३ ला आंध्र वेगळा झाला, १९५६ ला भाषेप्रमाणे राज्यं झाली, १९९६ ला खुद्द मद्रासचं चेन्नई झालं, आणि आपण अजून ‘मद्रासी’वरच. राज्यं बदलली, शहराचं नाव बदललं, आमची कॅशे काही क्लिअर झाली नाही.

माझा बाकीचा डेटा सिनेमातला. ‘पडोसन’मधले मेहमूदचे मास्टर पिल्लई, ‘चेन्नई एक्सप्रेस’मधले कोयतेवाले मामा, टीव्हीवरचे अय्यर. ‘अय्यो’ म्हणणारे, कपाळाला गंध, सकाळ-संध्याकाळ इडली, गणितात हुशार आणि स्वभावाने कोरडे. एवढ्या सामानावर मी माणसं ओळखायला निघालो होतो.

पहिला धक्का जेवणाचा. मला वाटलेलं सगळं शहर शाकाहारी असणार. ऑफिसच्या पहिल्याच टीम लंचला अकरातल्या दहा जणांनी बिर्याणी मागवली आणि अकरावा मी, कारण माझा गुरुवार होता. २०१४ चं सरकारी सर्वेक्षण आहे, एसआरएस बेसलाइन. त्यात तामिळनाडूत मांसाहार करणारे ९७ टक्क्यांच्या वर, महाराष्ट्रात ६० च्या आसपास. आपण मुंबईत डोशाच्या हॉटेलात जे बघितलं त्यावरून पूर्ण राज्याचा मेनू ठरवला. रात्री अकराला ओएमआरवर पराठा-साल्नाच्या गाडीसमोर उभं राहून बघा एकदा, डोक्यातली इडली आपोआप खाली येते. (‘साल्ना’ म्हणजे पातळ रस्सा. आपल्या तर्रीची लांबची बहीण.)

दुसरा किस्सा नावाचा, आणि हा सॉफ्टवेअरवाल्यांनी नीट ऐका. आमच्या टीममध्ये एक पोरगा होता. पहिल्या दिवशी मी सवयीने विचारलं, “आडनाव काय तुझं?” तो म्हणाला, “नाही.” मला वाटलं हा शिष्टपणा करतोय, सांगायचं नाहीये याला. खरं म्हणजे त्याला आडनाव नव्हतंच. नावाआधी एक अक्षर, ते वडिलांच्या नावाचं. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘लास्ट नेम’ भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून त्याने तिथे वडिलांचं अख्खं नाव टाकलेलं. मग अमेरिकेतला क्लायंट प्रत्येक कॉलला ‘मिस्टर अमुक’ म्हणून त्याच्या वडिलांना हाक मारायचा. वडील रिटायर्ड बस कंडक्टर. तो म्हणायचा, “आमचे अप्पा रोज स्टँडअपला हजर असतात.”

हे असं का, याला इतिहास आहे. १९२९ मध्ये चेंगलपट्टूला पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद झाली, तिथे नावापुढची जातीची बिरुदं टाकून द्यायचा ठराव झाला. पुढे लाखो लोकांनी तो पाळला. म्हणजे मी ज्याला शिष्टपणा म्हणालो त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचं काम होतं. आणि मी ‘आडनाव काय’ का विचारलं होतं? आपण सगळे का विचारतो, ते तुम्हालाही माहितीये, मलाही.

आता याचा अर्थ तिथे जात संपली, असा घेऊ नका. दक्षिणेतल्या जिल्ह्यांत शाळेतली पोरं मनगटातल्या रंगीत धाग्यांवरून एकमेकांची जात ओळखतात अशा बातम्या मी तिथे असतानाच येत होत्या. २०२३ मध्ये नांगुनेरीला शाळकरी भावंडांवर हल्ला झाला तेव्हा सरकारने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांची समितीच नेमली. तर ‘मद्रासी वाईट’ हे डोक्यातून काढून तिथे ‘तमिळ लोक देव’ हे भरू नका. ते पण पोतंच आहे, फक्त रंग वेगळा.

बरं, आता हिंदी. मेसेज करणाऱ्या मित्राची खरी भीती तीच आहे.

मी वेलाचेरीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक रिटायर्ड शिक्षिका आणि त्यांचे मिस्टर. सगळी गल्ली त्यांना ‘टीचरम्मा’ म्हणायची, मीही तेच म्हणतो. पाण्याच्या मोटरीची किल्ली त्यांच्याकडे. मी राहायला आलो त्याच संध्याकाळी खाली गेलो आणि दारातच सुरू झालो, “आंटी, मोटर कब चालू होगा?” नमस्कार नाही, ओळख नाही, काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी पुन्हा तेच, जरा मोठ्या आवाजात. (हे आपण का करतो? समोरच्याला भाषा येत नसेल तर आवाज वाढवून कशी येईल?) मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, “मोटर, सिक्स ओ’क्लॉक,” आणि दार लावून घेतलं.

झालं. माझा निकाल लागला. खडूस.

पुढचं दीड वर्ष आमचं संभाषण एवढंच. “मोटर?” “सिक्स ओ’क्लॉक.” मी जिन्यात बसून फोनवर बोलायचो, कारण फ्लॅटमध्ये नेटवर्क यायचं नाही. ऑफिसातला माझा एक मित्र कानपूरचा, त्याच्याशी हिंदीतून. आणि त्याला मी एकदा नाही, बऱ्याचदा सांगितलं होतं, “नीचे वाली बुढ़िया बहुत अकड़ू है यार. ये मद्रासी सब ऐसे ही होते हैं.” जिना तळमजल्याच्या दारासमोरूनच जायचा.

डिसेंबर २०२३. मिचाँग चक्रीवादळ. ३ तारखेला, रविवारी संध्याकाळपासून पाऊस जो लागला तो ४ तारखेला दिवसभर. वेलाचेरीच्या लोकांना २०१५ चा पूर आठवत होता, त्यांनी आदल्या दिवशीच गाड्या नेऊन फ्लायओव्हरवर लावल्या होत्या. तो फोटो तुम्ही पाहिला असेल, पुलावर गाड्यांची रांग. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं, मी स्टेटसला पण टाकलं होतं. सोमवारी सकाळी खाली बघतो तर माझी बाइक हँडलपर्यंत पाण्यात. लाइट गेलेली, मोबाइल नेटवर्क गेलेलं.

टीचरम्मांच्या घरात गुडघाभर पाणी. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलेलं, दाराला कुलूप. मी खाली उतरलो. खोटं नाही सांगत, मदतीला म्हणून नाही, बाइक बघायला. त्या दारात उभ्या, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हाताने मिस्टरांना धरलेलं. सर पंच्याहत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. सरांना पाठीवर घेतलं आणि वर आलो.

अडीच दिवस आम्ही तिघं माझ्या वन बीएचकेमध्ये. सिलिंडर होता, तांदूळ-डाळ होती, मी खिचडी टाकली. त्यांनी खालून लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि फिल्टर कॉफीची पूड तेवढी वाचवली होती. दूध मिळत नव्हतं, पूर्ण शहरातच दुधाची बोंब होती. काळी कॉफी प्यायलो. बोलणं खुणांनी आणि तुटक्या इंग्रजीत.

पहिल्या रात्री मी दर अर्ध्या तासाने उठून टॉर्च घेऊन जिन्यात पाण्याची पातळी बघत होतो. चौथ्यांदा उठलो तेव्हा अंधारातून आवाज आला. स्वच्छ, माझ्यापेक्षा शुद्ध हिंदी. “तुम सो जाओ. मैं जाग रही हूँ. पानी बढ़ा तो जगा दूँगी.”

मी आहे तिथे उभा राहिलो. आधी आश्चर्य वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. पहिला विचार जिन्याचा आला. दीड वर्ष. सगळे फोन.

मी विचारलं, “आपको हिंदी आती है?” त्या म्हणाल्या, तरुणपणी दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, पुढे पार प्रवीणपर्यंत. ही सभा गांधीजींनी १९१८ मध्ये मद्रासमध्ये सुरू केलेली, टी. नगरला तिचं मोठं ऑफिस आहे, आणि आजही तामिळनाडूत हजारो मुलं स्वतःच्या मर्जीने या परीक्षा देतात. हे आपल्याला कुणी सांगत नाही. हिंदी शिकायला त्यांची ना नाही, लादायला आहे.

तो फरकही त्यांनीच मला त्या रात्री शिकवला, शिक्षिकाच ना शेवटी. १९३८ मध्ये राजाजींच्या सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली, आंदोलन पेटलं, तलमुत्तू आणि नटराजन हे दोघं तुरुंगात असताना वारले. १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली. एग्मोरला त्या दोघांच्या नावाची सरकारी इमारत आहे, मी तिच्यासमोरून शंभरदा गेलो असेन, नाव वाचलं नव्हतं. मग १९६५. २६ जानेवारीपासून हिंदी केंद्राची एकमेव राजभाषा होणार होती, तेव्हा कॉलेजची पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाले, माणसं मेली. दोन वर्षांत काँग्रेसची सत्ता गेली ती आजपर्यंत परत आली नाही. १९६८ पासून शाळेत तमिळ आणि इंग्रजी, दोनच भाषा. टीचरम्मा ६५ साली शाळेत होत्या. त्यांच्या ओळखीतला एक मुलगा मोर्च्याला गेला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला.

“तरी तुम्ही हिंदी शिकलात?” मी विचारलं.

“भाषेने काय बिघडवलंय माझं?” त्या म्हणाल्या. “पण तू पहिल्या दिवशी आलास, तेव्हा विचारलं नाहीस की तुम्हाला हिंदी येते का. तू गृहीत धरलंस की यायलाच पाहिजे.”

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, “जिन्यातलं...”

“अकड़ू का मतलब मुझे मालूम है,” एवढंच त्या म्हणाल्या.

मला ‘सॉरी’ म्हणता आलं नाही त्या रात्री. कळत नव्हतं कुठल्या भाषेत म्हणू. हिंदीत म्हणायची लाज वाटत होती, तमिळ येत नव्हती, आणि इंग्रजी ‘सॉरी’ आपण रिक्षाला धक्का लागला तरी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर झोपले होते तेव्हा त्यांनी विचारलं, “तू मराठी ना?” म्हटलं हो. मग त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाचं सांगितलं. तो स्टेनोग्राफर होता, साठच्या दशकात मुंबईत माटुंग्याला राहायचा. मंडळी, तो काळ आपल्याला आपल्या बाजूने माहीत आहे. ‘मार्मिक’मध्ये दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, मथळा असायचा ‘वाचा आणि थंड बसा’. १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. ‘यंडुगुंडू’ हा शब्द, लुंगी आणि पुंगीची ती घोषणा. मराठी पोरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या हा राग खोटा नव्हता, तो मी नाकारत नाही. पण त्या घोषणेच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस होता, जो संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना लुंगीऐवजी पँट घालूनच कोपऱ्यावर दूध आणायला जायचा. एका रात्री खिडकीवर दगड आला. तो दोन महिन्यांत नोकरी सोडून गावी परत गेला, आणि टीचरम्मांच्या शब्दांत, “फिर वैसी नौकरी नहीं मिली.”

“घरमालकाने सांगितलं वरती मराठी मुलगा येतोय,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी दोन दिवस सरांशी भांडले. मी म्हटलं, ती दगड मारणारी माणसं आहेत.”

म्हणजे मी यायच्या आधीच खाली पण एक पोतं तयार होतं. माझ्या नावाचं.

पाणी उतरल्यावर मी त्यांच्या घरातला गाळ काढायला गेलो, बाकी गल्लीतली पोरंही आली. त्या दिवशी मी ऑफिसातल्या आडनाव नसलेल्या मित्राकडून शिकून एक शब्द म्हणालो, “मन्निच्चिडुंगो.” माफ करा. त्यांनी फडकं पिळलं, म्हणाल्या, “साप्टिया?” जेवलास का? तेवढंच.

मग रोज संध्याकाळी अर्धा तास तमिळ. आणि तिथे मराठी माणसाला एक फायदा आहे बरं का. आपल्याकडे ‘ळ’ आहे. तमिळच्या ‘ळ’चे दोन प्रकार आहेत, त्यातला एक आपल्याला जन्मतः येतो, दुसरा जीभ मागे वळवून जमवावा लागतो. माझा कानपूरचा मित्र फळवाल्याकडे ‘वाज़ापाज़म’ म्हणायचा, मी ‘वाळैप्पळम’ म्हणालो तर फळवाल्याने एक केळं जास्त टाकलं. अण्णा, अक्का, अप्पा तर आपल्या घरातलेच शब्द. आपण लहानपणापासून अर्ध्या गल्लीला तमिळमध्ये हाक मारतोय.

त्यांच्याच आग्रहाने मी तंजावरला गेलो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं हे शाळेत एका ओळीत वाचलं होतं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास. भिंतच्या भिंत मराठीत. परभणीहून तेराशे किलोमीटर लांब उभं राहून मी ती बघत होतो. आणि सांबार संभाजीराजांवरून आलं ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट तिथल्या रिक्षावाल्याने मला स्वतःहून सांगितली, पुरावा त्याच्याकडेही नव्हता.

तर नांदेडच्या मित्रा, जा. रिक्षावाले पैसे जास्त मागतील, ते पुण्यातही मागतात. मे महिन्यात घामाने जीव जाईल. काही लोक खरंच तुसडे भेटतील, माझ्या ऑफिसात एक होता, तो तमिळ लोकांशीपण तसाच वागायचा. सुरुवातीला ‘वणक्कम’, ‘नन्री’, ‘कोंजम’ आणि ‘एनक्कु तमिळ तेरियादु’ एवढं पाठ कर. शेवटच्याचा अर्थ ‘मला तमिळ येत नाही’. हे तमिळमधून सांगितलंस की पुढचं काम समोरचा माणूस करतो. आणि जिन्यात फोनवर बोलताना जरा जपून.

मी जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला परत आलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, गदारोळ झाला, २९ जूनला तो रद्द झाला. त्या रात्री टीचरम्मांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तमिळ पेपरचं कात्रण, त्यात मुंबईतल्या बातमीचा फोटो, आणि खाली दोनच शब्द, “इप्पो पुरियुदा?” आता कळलं का?

मी तमिळ लिपीत टाइप करून पाठवलं, “पुरियुदु, टीचर.” पाच मिनिटांनी माझाच मेसेज परत आला, लाल गोल करून. एक अक्षर चुकलं होतं.